'जर'च्या आतले 'जर'च्या बाहेर

आपण लिहिलेली आज्ञावली संगणकाला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाषा ती यंत्रभाषेत उतरवतो. दुभाषा चतुर आहे. कमी श्रमांत तेच काम व्हावे म्हणून तो काही वाक्ये गाळतो, काही मागेपुढे करतो. सरळ मजकुरात हे सोपे; 'जर-तर' आले, वाट फुटली, की कसोटी लागते. तर्कशास्त्राच्या तासाला बसणाऱ्या आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

निकालपत्रकाचे उदाहरण घेऊ. जर दिलेल्या पेपरांची संख्या शून्य नसेल, तर एकूण गुणांना तिने भागा. नाहीतर 'अनुपस्थित' लिहा. भागाकाराला वेळ लागतो, म्हणून दुभाष्याने तो अटीच्या आधीच उरकला, तर? गैरहजर विद्यार्थ्यापाशी शून्याने भागण्याची पाळी येईल आणि अनेक यंत्रांवर आज्ञावली तिथेच बंद पडेल. लिहिणाऱ्याने अट चोख घातली होती. घात दुभाष्याने केला. बेरीज आधी करून ठेवली असती, तर फार तर थोडा वेळ वाया जाता. आमच्या घरी शिंपीकाम चालते. गिऱ्हाईक 'शिवा' म्हणण्याआधी खडूने रेघ मारलेली चालते, कात्री लावलेली चालत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. एका वाटेवर अ आणि ब यांची बेरीज झाली, दुसरीवर नाही. वाटा मिळाल्यावर तीच बेरीज पुन्हा मागितली. पहिल्या वाटेने येणाऱ्याला ती दुबार पडते. उपाय असा, की दुसऱ्या वाटेवरही बेरीज करून ठेवावी आणि संगमानंतरची गाळावी. मोरेल व रेनव्हॉज यांनी १९७९ साली यासाठी सर्वसाधारण रीत दिली. पण 'नाहीतर' नसलेल्या 'जर'मध्ये दुसरी वाट अटीपासून थेट संगमावर येते. वाटेत थांबाच नाही, बेरीज ठेवायची कुठे? अटीच्या आधी ठेवावी, तर पहिल्या वाटेवर अ-ची किंमत बदलत असल्यास ती फुकट जाते. संगमावर ठेवावी, तर दुबारपणा कायम! आय.आय.टी. मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनी १९८८ व १९९१ च्या निबंधांत अशा वाटेवरच बेरीज ठेवण्याची, म्हणजे नवा थांबा उभारण्याची, रीत मांडली.

हा निर्णय घेताना मागे काय झाले आणि पुढे काय लागणार, दोन्ही पाहावे लागते. अशा दुहेरी माहितीचा सिद्धांत उदय खेडकर आणि ढमढेरे यांनी १९९४ साली प्रसिद्ध केला. खेडकर त्या सुमारास आपल्या पुणे विद्यापीठातच शिकवीत होते.