घास अडकतो तेव्हा : अन्ननलिकेतली जाळी

सख्यांनो, हृदयाच्या नसेत जाळी बसवतात हे आता गावोगावी माहीत झालंय. तशीच जाळी अन्ननलिकेतही बसवतात. तिला डॉक्टर स्टेंट म्हणतात.

अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंतची सुमारे २५ सेंटीमीटरची नळी. तिच्यात कॅन्सरची गाठ वाढली की वाट अरुंद होते. आधी कोरडी भाकरी अडकते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. आपण बाया काय करतो? भाकरी दुधात कुस्करून खातो अन् गप्प बसतो. वजन उतरलं तरी 'कामानं झालं' म्हणतो. असं करू नका. घास वारंवार अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तंबाखू, मिश्री, दारू यांनी हा धोका वाढतो. (मिश्रीला आपण व्यसनात मोजतच नाही!)

एक गोष्ट नीट समजून घ्या. जाळीनं गाठ बरी होत नाही, फक्त वाट मोकळी होते. ऑपरेशन, केमो किंवा रेडिएशननं बरं होण्यासारखं असेल तर आधी ते. आजार पुढं गेला असेल, तर पेशंटला तोंडानं खाता यावं म्हणून जाळी. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "ही बरं होण्यासाठी आहे की खाता यावं म्हणून?" शेत गहाण टाकायच्या आधी विचारा.

जाळी बारीक तारेची असते. मिटलेल्या छत्रीसारखी तोंडावाटे आत नेतात, जागेवर ती हळूहळू उघडते. पोट फाडावं लागत नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत गिळणं सोपं जातं. छातीत काही दिवस दुखू शकतं.

खरी काळजी पुढं घरीच. आधी पातळ : ताक, वरणाचं पाणी, पेज. डॉक्टरांनी सांगितल्यावर मऊ खिचडी, वरणात पूर्ण भिजवलेली भाकरी. शेवग्याच्या शेंगा, संत्र्याच्या फोडी, मटणाचे तुकडे नकोत, जाळीत अडकतात. ताठ बसून, बारीक चावून खायचं, मधून मधून पाण्याचा घोट घ्यायचा. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवायची. जाळी पोटाच्या तोंडाशी असेल तर आंबट पाणी वर येतं. कधी जाळी सरकते, कधी गाठ पुन्हा वाढते. गिळणं अचानक बंद झालं, रक्ताची उलटी झाली किंवा छातीत जोरात दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड अन् आधार सोबत न्या, आणि जाळीचा खर्च योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच त्यांना विचारा.