धक्का द्या, पण हिशेब जुळू द्या!

आजचा धडा एका सिनेमातून: 'नाऊ यू सी मी', 2013. शेवट सांगणार आहे, त्यामुळे बघायचा असेल तर आधी बघून या.

चार जादूगार लास वेगासच्या स्टेजवरून पॅरिसची बँक लुटतात. सुरुवात एकदम जबरदस्त! ही चोरी कशी केली तेही नंतर दाखवतात. हिशेब जुळतो, मजा येते. पण शेवटी कळतं, त्यांच्या मागे लागलेला एफबीआयचा अधिकारीच सगळ्याचा सूत्रधार! मग त्याचं आधीचं चिडणं, धावपळ करणं आठवतं आणि काही केल्या पटत नाही. फसवल्यासारखं वाटतं.

आता तुमच्या दुकानात या. बोर्डावर '999 फक्त'. बिलात मात्र पॅकिंग वेगळं, डिलिव्हरी वेगळी. ग्राहक भांडत नाही. पैसे देतो, आणि परत येत नाही.

सिनेमाचं तिकीट आधीच फाडलेलं असतं. तुमचा धंदा ग्राहकाच्या दुसऱ्या खेपेवर चालतो.

आजचा होमवर्क: तुमची एक जाहिरात आणि त्याच ऑफरचं एक बिल शेजारी ठेवा. आकडा जुळतोय का? नसेल, तर आजच बोर्ड बदला.