आधी अटी, मग आलेख

लिनियर प्रोग्रॅमिंगचं गणित सुटत नाही म्हणणाऱ्या मुलांची वही उघडली, की घोडं बहुतेक वेळा पहिल्या चार ओळींतच अडलेलं दिसतं. आलेख त्यांना येतो, समीकरणंही येतात. उदाहरणातली गोष्ट अटींमध्ये उतरवणं राहून जातं. म्हणून एकच उदाहरण धरून बोलू.

एक बचत गट दिवाळीचा फराळ करतो. किलोभर चकलीला ३० मिनिटं आणि ३०० ग्रॅम तेल लागतं. किलोभर शंकरपाळ्यांना २० मिनिटं आणि मोहन धरून ४०० ग्रॅम. शेगडी दिवसाला १० तास पेटते, तेल ७ किलो २०० ग्रॅम आहे. सगळा खर्च जाऊन चकलीमागे किलोला ९० रुपये सुटतात, शंकरपाळ्यांमागे ८०. काय किती करावं?

काय करावे

• क्ष आणि य म्हणजे काय, ते पूर्ण वाक्यात लिहा. नुसतं ‘क्ष = चकली’ पुरत नाही. ‘क्ष = एका दिवसात करायची चकली, किलोमध्ये’ असं लिहिलं की अर्ध्या चुका तिथेच थांबतात.

• एकक एकच ठेवा. वेळेची अट ३०क्ष + २०य ≤ ६०० अशी होते. उजवीकडे घाईत १० लिहिलंत, तर दिवसभर राबून अर्धा किलो शंकरपाळ्याच होतील!

• मग अटी लहान करा: वेळेची ३क्ष + २य ≤ ६०, तेलाची ३क्ष + ४य ≤ ७२. शिवाय क्ष ≥ ०, य ≥ ०. ही शेवटची अट उघड आहे म्हणून गाळू नका. संगणकाला ती उघड नसते.

• सगळ्या अटी पाळणारा भाग आलेखावर छायांकित करा आणि त्याचे कोपरे मोजा. इथे ते चार आहेत: (०, ०), (२०, ०), (१६, ६) आणि (०, १८). नफा अनुक्रमे ०, १८००, १९२० आणि १४४० रुपये. म्हणजे चकली १६ किलो, शंकरपाळ्या ६ किलो.

• कोपरेच का, हे एकदा डोळ्यांनी बघा. ९०क्ष + ८०य = ७२० ही नफ्याची रेषा काढा, तिच्यावर पट्टी ठेवा आणि पट्टी समांतर सरकवत बाहेर न्या. छायांकित भाग सोडताना ती शेवटी कोपऱ्यालाच टेकते. शंकरपाळ्यांचा नफा ६० रुपये असता, तर पट्टी वेळेच्या रेषेवर अख्खी बसली असती आणि (१६, ६) पासून (२०, ०) पर्यंतचा प्रत्येक बिंदू १८०० रुपयेच देता. अशा वेळी उत्तरं अनेक आहेत, हे लिहायचं असतं.

• उत्तर मूळ अटींमध्ये घालून बघा. १६ × ३० + ६ × २० = ६००. १६ × ३०० + ६ × ४०० = ७२००. वेळही पुरता वापरला, तेलही.

काय टाळावे

• रेषा अक्षाला छेदते तो प्रत्येक बिंदू कोपरा समजू नका. सर्वांत जास्त गुण इथेच जातात. (०, ३०) वर नफा २४०० दिसतो आणि मोह होतो, पण ३० किलो शंकरपाळ्यांना १२ किलो तेल लागेल. ते आणायचं कुठून?

• पूर्णांक हवा असताना दशांश उत्तर नुसतं जवळच्या आकड्यावर नेऊ नका. समजा १५ लाख आहेत. मोठा टेम्पो ९ लाखांचा, महिन्याला २८ हजार देतो. छोटा ५ लाखांचा, १५ हजार देतो. गणित म्हणतं १.६७ मोठे घ्या. दोन परवडत नाहीत. एक मोठा आणि उरलेल्यात एक छोटा घेतला, तर ४३ हजार. पण तीन छोटे घेतले तर ४५ हजार! त्या १.६७ च्या आसपास शोधून हे हाती लागत नाही. पूर्णांकांसाठी पद्धतच वेगळी लागते.

• मनातल्या अटी मनात ठेवू नका. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये सर्वांत स्वस्त पोषक आहाराचा अंदाज काढला होता: वर्षाला ३९.९३ डॉलर. अशी गणितं सोडवणारी जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ साली आली, तेव्हा तपासणीला हेच गणित घेतलं. नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या यंत्रांवर ते सोडवलं, उत्तर आलं ३९.६९. पुढे डँट्झिग यांनी स्वतःचं वजन उतरवायला असंच गणित मांडलं. पाण्याचं वजन वगळून पोटात जास्तीत जास्त काय भरेल, हे त्यांचं उद्दिष्ट. संगणकाने दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं, कारण तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढल्यावर सुपाच्या २०० वड्या सुचवल्या, कारण इतकं मीठ खाऊ नये ही अट कोणी लिहिलीच नव्हती. पद्धत दोन्ही वेळा बिनचूक चालली होती.

• ‘अनबाउंडेड’, म्हणजे नफ्याला मर्यादाच नाही, असा निरोप आला की संगणकाला दोष देऊ नका. कुठली तरी अट राहिली आहे किंवा चिन्ह उलटं पडलं आहे.

• चल वाढले की सगळे कोपरे मोजत बसू नका. ५० चल आणि ५० अटी असल्या, तर तपासायच्या जोडण्या एकावर २९ शून्यं इतक्या होतात. सिम्प्लेक्स एका कोपऱ्यावरून शेजारच्या, कमी न भरणाऱ्या कोपऱ्यावर जाते. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना निराळी वाट दाखवली: कडेकडेने न फिरता आतून जायचं. आजच्या मोठ्या सॉल्व्हरमध्ये या दोन्ही वाटांच्या पद्धती असतात. एक्सेलमध्ये सोडवत असाल तर ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडायला विसरू नका.

• उत्तर आलं की वही मिटू नका. हे मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे, कारण गणिताचा खरा उपयोग इथे सुरू होतो. शेगडी एक तास जास्त चालली तर? वेळेची अट ३क्ष + २य ≤ ६६ होते, कोपरा (२०, ३) वर सरकतो, नफा २०४० होतो. म्हणजे त्या एका तासाची किंमत १२० रुपये. तेवढ्या वेळाचा जादा खर्च १२० पेक्षा कमी असेल, तर काम वाढवावं. दुसऱ्या तासालाही तोच हिशेब, (२४, ०) वर २१६०. तिसऱ्या तासाला मात्र एक रुपयाही वाढत नाही. सगळं तेल चकलीतच गेलेलं असतं.