कूलरचं अर्थिंग : खड्ड्यातला सांधा कुणी पाहिला?

उन्हाळ्यात आम्ही रक्तदाब तपासायला वस्तीत फिरतो, तेव्हा एखाद्या घरी तरी हमखास ऐकू येतं, "ताई, कूलरले हात लावला का मुंग्या येते." घरातले हसतात आणि रबरी चप्पल घालून पाणी भरतात. आम्ही वॉर्डात नर्स होतो, तेव्हा कूलरपाशी पडलेली एक बाई आणली होती. पाणी भरताना तिने पत्रा धरला आणि हात सुटलाच नाही. त्या मुंग्या घरच्यांना महिनाभर माहीत होत्या. ती वाचली नाही.

एका अँपिअरचे हजार भाग करा. त्यातले दहा-पंधरा भाग अंगातून गेले तरी स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नासच्या पुढे गेले आणि थोडा वेळ टिकले, तर हृदयाची लय बिघडू शकते. ओले हात, ओली फरशी, अनवाणी पाय असले की अंगातून जास्त करंट जातो. कूलर भरताना हे तिन्ही एकत्र असतात.

अशा वेळी वाचवण्यासाठी अर्थिंग असतं. पंपाच्या मोटरची फेज तार सोलून पत्र्याला लागली, तर करंटला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत उतरायला सोपी वाट मिळावी, एवढंच त्याचं काम. प्लगची वरची जाड पिन त्यासाठीच असते. ती लांब ठेवलेली असते, म्हणजे आधी अर्थ जोडला जातो आणि मग वीज. टू-पिन बोर्डात बसावी म्हणून ती पिन कापून टाकलेली आम्ही कितीतरी घरांत पाहिली आहे.

"आमच्याकडे अर्थिंग आहे" असं सांगणाऱ्यांनाही आम्ही एकच विचारतो, की हिरवी तार बोर्डातून निघून शेवटी कुठे जाते? एका घरी ती भिंतीतून बाहेर आली होती आणि मोरीमागे नुसती लोंबत होती. दुसरीकडे नळाला बांधली होती, आणि पुढचा सगळा पाइप प्लास्टिकचा! पाइप लोखंडी असता, तर शेजारणीच्या नळाला करंट आला असता.

नीट केलेल्या खड्ड्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा गाडतात, साधारण अडीच मीटर लांबीचा. भोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालतात. पाइप तर वर्षानुवर्षं टिकतो. बिघडतो तो वरचा सांधा, जिथे तार नट-बोल्टने किंवा क्लॅम्पने आवळलेली असते. मीठ आणि ओल यांनी तो गंजतो. तांब्याची तार जस्ताच्या पाइपवर थेट आवळली तर आणखी लवकर खराब होतो. तार दिसते जागेवर, पण मध्ये गंजाचा थर असतो आणि करंट जात नाही. म्हणून सांध्यावर सिमेंट ओतू देऊ नका. वर झाकण ठेवा आणि पावसाळ्याआधी उघडून पाहा. गंज असेल तर वायरमनकडून सांधा घासून पुन्हा आवळून घ्या. 14 एप्रिलची रोषणाई उतरली की वायरमनदादांना जरा उसंत असते, तेव्हाच बोलवा.

काही वायरमन एक चलाखी करतात. सॉकेटच्या मागे अर्थचं टोक न्यूट्रलला जोडून देतात. तपासणीचा दिवा झकास पेटतो. पण न्यूट्रल कुठे तुटला, तर काहीही बिघाड नसलेल्या कूलरच्या पत्र्यावरही पूर्ण 230 व्होल्ट येतात. हे काम आपल्या घरात होऊ देऊ नका.

आता फ्यूज आणि एमसीबीचं. समजा तुमच्या खड्ड्याचा रोध 20 ओहम आहे. 230 ला 20 ने भागलं की साडेअकरा अँपिअर होतात. एवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसासाठी असतो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो वीज तोडतो. अर्थिंग चांगलं असेल तर कुणी हात लावण्याआधीच तोडतो. नसेल तर हात लागल्यावर. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने खड्डा तपासला जात नाही हे ध्यानात ठेवा. तो वारंवार पडत असेल तर काढून फेकू नका. कुठेतरी गळती आहे, नाहीतर तोच न्यूट्रलचा जोड आहे.

गल्लीत खड्ड्याला जागा नसते, पैसेही लागतात. चार घरांनी मिळून एक खड्डा करता येतो. प्रत्येक घराची तार स्वतंत्र न्या, आणि आरसीसीबी चारही घरांत हवा. नाहीतर एकाच्या कूलरची गळती त्याच पाइपातून उरलेल्या तिघांच्या फ्रिजवर येते. बचत गटाच्या बैठकीत हा खर्च मांडा.

तोवर पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करायचं नाही. मुंग्या आल्या की कूलर बंद, वायरमन येईपर्यंत.

कुणी चिकटलंच तर धावत जाऊन हात धरू नका. मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने ढकला. श्वास नसेल तर 108 ला फोन लावा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबा, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, गाडी येईपर्यंत. मातीत पुरणं, पाणी ओतणं यात मोलाची मिनिटं जातात. आणि माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.