गंगावन घरी शिवताना

क्लिपा लावून घालायचं गंगावन घरी शिवता येतं, आणि ते चांगलंही होतं. बाकदार सुई, नायलॉनचा दोरा, केसांच्या तयार पट्ट्या आणि आतून दात असलेल्या टिकटिक क्लिपा, एवढ्या सामानावर एका दुपारी संच तयार होतो. जिनं ब्लाउजला हुक लावलेत, काजं केलीत, तिला यातला एकही टाका नवा नाही. म्हणून सगळ्यांचं लक्ष शिवणीकडे जातं. पण पट्टीतले केस कुठून आलेत आणि त्या पट्टीचा भार आपल्या कोणत्या केसांवर पडणार आहे, हे दोन प्रश्न शिवणीपेक्षा कितीतरी मोठे आहेत. या दोन्हींपायी मला जे सोसावं लागलं ते दुसरीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

डेंग्यूतून उठले, अंगात ताकद आली, आणि सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर पुंजके, उशीवर केस, फणीत केस. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया असा धक्का शरीराला बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते एकाच वेळी गळतात. मुळं मात्र जिवंत असतात, त्यांतून नवे केस येतात. रोज 50 ते 100 केस तर धडधाकट माणसाचेही गळतात. हे सगळं मला त्वचेच्या डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं. त्या वेळी घरात पुतणीचं लग्न ठरलेलं होतं आणि ती म्हणत होती, "काकू, तुझा अंबाडा नेहमीसारखाच दिसला पाहिजे हं." शिवणयंत्रावर माझा हात बसलेला, तेव्हा तयार संच घेण्यापेक्षा पट्ट्या आणून घरीच शिवायचं ठरवलं.

पाकिटावर 'शंभर टक्के मानवी केस' असं छापलेलं होतं. केस मऊ होते, चमकत होते. दोन केस ओढून चिमट्यात धरून पेटवले, तर पिसं जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडली जाणारी राख उरली. कृत्रिम केस असते तर वितळून कडक मणी झाला असता. म्हणजे केस माणसाचेच होते, छापलेलं खोटं नव्हतं. पण पहिल्या धुण्यात चमक उतरली आणि दुसऱ्या धुण्यानंतर पट्टीचा खालचा अर्धा भाग असा गच्च अडकला की फणीचा दात आत शिरेना. बोटांनी सोडवायला गेले, तर केस तुटून हातात येत होते.

याचं कारण केसाच्या घडणीत आहे. केसाच्या पृष्ठावर बारीक खवले असतात. कौलारू छपरावर कौलं एकावर एक खालच्या दिशेनं रचलेली असतात, तसे ते मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. सगळे केस एकाच दिशेनं बांधले, म्हणजे मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे ठेवली, तर ते एकमेकांवरून सहज घसरतात. काही उलटे, काही सुलटे झाले की खवले एकमेकांत अडकतात.

गुंतवळाचं नेमकं हेच होतं. फणीत निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून आपण ठेवतो, त्यात दिशा कसली राहणार? केसांवर भांडी, केसांवर फुगे देणाऱ्या बायका दारोदार फिरून गोळा करतात ते हेच केस. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला तर हा मोठा व्यवसाय आहे. तिथे बायका तासन् तास बसून गुंतवळ हातानं सोडवतात आणि लांबीप्रमाणे केस वेगळे लावतात. फार कष्टाचं, डोळे शिणवणारं काम आहे ते. त्यांच्या मेहनतीला नावं ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण हा माल मोकळ्या केसांसाठी विकायचा तर आम्लाच्या पाण्यात घालून त्याचे खवले काढून टाकतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानातली चमक त्या थराची असते. शाम्पूनं तो उतरला की खाली उरतो तो कोरडा, उघडा पडलेला केस.

मग आजीच्या वेळची गंगावनं वर्षानुवर्षं कशी टिकायची? तीही गुंतवळाचीच होती. माझी आजी फडक्याच्या पिशवीत आपलं गुंतवळ साठवायची आणि पुरेसं जमलं की त्याचं गंगावन करून घ्यायची. ते टिकायचं, कारण ते वेणीत गुंफलं जायचं. वेणीत केस आवळून धरलेले असतात, त्यांना एकमेकांवर घासायला वावच नसतो. आपण आता तेच केस पाठीवर मोकळे सोडतो, वाऱ्यात आणि पदरावर घासू देतो. वेणी किंवा अंबाडाच घालायचा असेल तर गुंतवळाच्या पट्ट्या आजही चालतील, पैसेही वाचतील. मोकळे सोडायचे असतील तर एकाच दिशेचे केस हवेत. बाजारात त्याला रेमी म्हणतात. असे केस मुख्यतः देवस्थानांतून येतात. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात भाविक केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं, 2011 पासून तर ई-लिलाव होतो. वेणी किंवा जुडी बांधून कापलेल्या लांब केसांची मुळं आणि टोकं आपापल्या जागी राहतात.

पाकिटावरच्या शब्दावर विसंबू नका, कारण बोटांनी करता येते अशी एक परीक्षा आहे. आधी आपल्याच डोक्यावरचा गळलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनीत तो आडवा धरा आणि केसाच्याच दिशेनं दोन्ही बोटं हळूहळू मागेपुढे चोळा. केस आपोआप एका बाजूला सरकू लागेल, आणि ती बाजू नेहमी मुळाची असते. मग पट्टीतून वेगवेगळ्या ठिकाणचे काही केस ओढून काढा. शिवणीकडचं टोक एका हातात राहील असं धरून प्रत्येकाला हेच करा. सगळे शिवणीच्या बाजूला सरकले तर माल चांगला. काही इकडे, काही तिकडे गेले तर ते गुंतवळ. जागचे हललेच नाहीत तर खवले काढलेले आहेत. याच्या जोडीला एकच पट्टी आधी विकत घ्यावी, दोनदा शाम्पूनं धुवावी, वाळवून विंचरावी आणि मगच बाकीचा माल आणावा. लग्न तोंडावर आलेलं असताना खरेदीला निघू नका, ते याचसाठी.

रंग जुळवताना केसांच्या टोकांशी जुळवा, मुळांशी नव्हे, आणि तेही दिवसाउजेडी. गडद करणं जमतं, फिका करायला जाल तर पट्टी खराब होईल.

आता शिवण. डोक्याच्या मागच्या बाजूनं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप धरा आणि मिळालेल्या मापापेक्षा पट्टी दोन्हीकडून दोन-दोन बोटं कमी ठेवा. मानेवरची पट्टी साधारण 15 सेंटीमीटर, तिच्या वरची 20, आणि बाजूंना चार-पाच सेंटीमीटरचे एका क्लिपचे तुकडे, एवढं बहुतेकींना पुरतं. पट्टी कापली की कापलेल्या टोकातून केस सुटू लागतात. म्हणून टोक सेंटीमीटरभर मागे दुमडून टाके घालावेत. झटपट चिकटणारा गोंद तिथे लावू नये. तो वाळून काचेसारखा टणक होतो, टाळूला टोचतो, आणि सुती कपड्यावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतोसुद्धा. कापडाचा लवचीक गोंद थेंबभर लावला तर चालतो.

सुई पट्टीच्या शिवणीतून आरपार घालायची नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. यंत्रानं घातलेल्या त्या शिवणीतच सगळे केस अडकवलेले असतात. सुईनं तिचा दोरा तुटला की केस झडू लागतात आणि ते थांबवता येत नाही. दोरा शिवणीच्या वरून पूर्ण वळसा घालून खालून काढावा, क्लिपच्या भोकातून घ्यावा आणि काजाच्या टाक्यासारखा प्रत्येक फेरा फाशात अडकवावा. म्हणजे एक टाका तुटला तरी क्लिप जागेवर राहते. क्लिपची उघडणारी बाजू टाळूकडे यायला हवी आणि दोरा तिच्या स्थिर चौकटीतूनच गेला पाहिजे. दोन-तीन टाके झाले की क्लिप उघडमीट करून बघा. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा तेल-घाम पिऊन कुजतो. क्लिपला आतून सिलिकॉनची पट्टी असलीच पाहिजे, नुसता पत्रा केस कापतो.

पट्टी दुमडून दुहेरी केली की गंगावन दाट दिसतं, आणि तयार संचांत बहुधा तसंच केलेलं असतं. असे संच 100 ते 160 ग्रॅमचे असतात. दाट केसांच्या मुलीला ते पेलतील. विरळ केसांवर हा भार टाकू नका. माझं मत विचाराल तर पट्ट्या एकेरीच ठेवा आणि लांबी कमी करा. दाटपणा थोडा कमी दिसला तर दिसू द्या.

लग्नाच्या तयारीत मी संच सरावासाठी घालत होते आणि कानांच्या वर ठणका लागायचा. क्लिप काढली की बरं वाटायचं. मग एक दिवस तिथे बारीक पुटकुळ्या दिसल्या आणि भोवती आखूड, तुटलेले केस. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, की हे तुटलेले केस म्हणजे डेंग्यूनंतर उगवलेली नवी पालवी आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. गळती थांबल्यानंतर काही महिने हे नवे केस बोटभर लांबीचे असतात, आणि क्लिपच्या दातांत सापडून तुटतात ते नेमके तेच. आजारपणानंतर किंवा बाळंतपणानंतर विरळपणा झाकायला गंगावन घालावंसं वाटतं, आणि ज्या केसांनी तो विरळपणा भरून येणार असतो त्यांच्यावरच त्याचा घाव बसतो. मला सगळ्यांत जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. सततच्या ओढीनं होणारी केसगळती सुरुवातीला थांबवता येते, केस परत येतात. महिनोन् महिने दुर्लक्ष केलं तर मुळाशी व्रण होतो आणि तिथे केस उगवत नाही. दुखणं, पुटकुळ्या, आखूड तुटके केस यांतलं एक जरी दिसलं तरी संच त्या दिवशी बाजूला ठेवा. आणि गळती लांबली तर गंगावनाआधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या.

तरीही घालायचंच असेल तर क्लिप मोकळ्या केसांवर लावू नका. ज्या ओळीत ती बसवायची तिथे आपल्या लांब केसांची एक बारीक, सैल आडवी वेणी घाला आणि क्लिप तिच्यावर बसवा. भार वेणीतल्या सगळ्या केसांत वाटला जातो, आखूड केस दातांबाहेर राहतात. कपाळाची, कानशिलांची कड दोन बोटं सोडून द्या. दर वेळी ओळ थोडी वर-खाली सरकवा. झोपताना संच काढायचाच, दुपारी तासभर पडायचं असलं तरी.

आपल्याकडे डोक्याला तेल असतं. तेलकट केसांवर क्लिप घसरते आणि घसरते म्हणून आपण ती आणखी आवळून लावतो. आदल्या दिवशी केस धुऊन घ्या. गंगावनाला खोबरेल तेल लावू नका, विंचरण्याआधी तळव्यावर एखादा थेंब सीरम चोळून टोकांना लावा, आणि विंचरायला टोकाकडून सुरुवात करा. धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका, कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही. कृत्रिम केस असतील तर औक्षणाच्या निरांजनापासून आणि गॅसपासून दूर राहा. ते पेटले की वितळून कातडीला चिकटतात.

केमोथेरपी चालू असलेल्या ओळखीच्या बायका आता माझ्याकडे गंगावन शिवून मागतात. क्लिपचं मी त्यांना देत नाही, कारण क्लिपला धरायला डोक्यावर स्वतःचे केस लागतात, आणि उपचारांत टाळू फार हळवी झालेली असते. त्याऐवजी मऊ सुती टोपीच्या आतल्या कडेला, कानापासून कानापर्यंत मागच्या बाजूनं, एकेरी पट्टी शिवून देते आणि टाके बाहेरच्या बाजूला घेते. वरून ओढणी किंवा स्कार्फ बांधला की खाली केस दिसतात, आणि सगळा भार टोपीच्या कडेवर राहतो.