ग्राउंड हलवा, सुपरनोड हलतो

नोडल पद्धत सुरुवातीला सोपी वाटते. प्रत्येक नोडवर किरचॉफचा प्रवाहाचा नियम लावायचा, समीकरणं सोडवायची, झालं. गाडी अडते ती दोन नोडच्या मध्ये व्होल्टेज सोर्स आला की. मग मुलं दोन्ही नोडभोवती वर्तुळ काढतात, 'सुपरनोड' असं लिहितात आणि पुढे जातात. वर्तुळ का काढलं ते विचारा, की वर्गात शांतता. खरं तर सुपरनोड हा सर्किटचा गुणधर्मच नाही. ग्राउंड कुठे धरलं, त्यावर तो कुठे येणार ते ठरतं. एकच सर्किट दोनदा सोडवून हे पाहू.

आधी आकृती काढा. चार नोड: क, ख, ग आणि तळाशी घ. क आणि घ यांच्यात १२ व्होल्टचा सोर्स, धन टोक क कडे. क–ख मध्ये २ किलोओहम, ख–घ मध्ये ६ आणि ग–घ मध्ये ३. ख आणि ग यांच्यात ३ व्होल्टचा सोर्स, धन टोक ख कडे. त्याला समांतर १ किलोओहम. हा शेवटचा रेझिस्टर मुद्दाम ठेवला आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

आता ग्राउंड ठरवा. ग्राउंड म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेली प्लेट नव्हे. टॉर्चला अर्थिंग नसतं, तरी तिच्या सर्किटचं गणित करताना ग्राउंड धरावंच लागतं. मल्टिमीटरची काळी प्रोब जिथे टेकवून ठेवायची आणि लाल प्रोब बाकी सगळीकडे फिरवायची, तो नोड म्हणजे ग्राउंड. निवड तुमची. एकाहून जास्त व्होल्टेज सोर्सची टोकं एकाच नोडवर येत असतील, तर तोच धरावा, काम बरंच कमी होतं. आपल्या दोन सोर्सना सामाईक नोड नाही, म्हणजे एक सुपरनोड अटळ आहे. सध्या घ = ०.

क लगेच मिळाला: १२ व्होल्ट. तिथे समीकरण लिहायचंच नाही.

ख वर मात्र अडतं. ३ व्होल्टच्या सोर्समधून किती प्रवाह जातो, हे ओहमचा नियम सांगू शकत नाही. आदर्श सोर्सला रोध शून्य. ३ भागिले शून्य करून हाती काय लागणार? म्हणून ख, ग, मधला सोर्स आणि १ किलोओहम या सगळ्यांना तुटक रेषेने वेढा. आता फक्त रेषा ओलांडणाऱ्या तारा मोजा. त्या तीनच आहेत. बाहेर जाणारा प्रवाह धन धरून, मिलिअँपियरमध्ये:

(ख − १२)/२ + ख/६ + ग/३ = ०

अज्ञात दोन, समीकरण एक. दुसरं सोर्सच देतो: ख − ग = ३. हे लिहायला विसरणं ही परीक्षेतली सगळ्यात महागडी चूक. पहिल्याला ६ ने गुणून ग च्या जागी ख − ३ घाला: ६ख = ४२. ख = ७, ग = ४ व्होल्ट.

पडताळा घ्या. क कडून २.५ मिलिअँपियर येतात. ६ किलोओहममधून १.१७ आणि ३ किलोओहममधून १.३३ जातात. जमलं.

आता तो १ किलोओहम. तो रेषेच्या आतच राहतो, म्हणून समीकरणात आला नाही. त्यातून ख कडून ग कडे ३ मिलिअँपियर वाहतात, हे ठाऊक झाल्यावर ख वर साधा प्रवाहाचा नियम लावा: सोर्स आपल्या धन टोकातून १.६७ मिलिअँपियर देतो आहे. तो रेझिस्टर काढून टाका. ख आणि ग तसूभरही हलत नाहीत, पण सोर्समधला प्रवाह उलटा फिरतो आणि १.३३ मिलिअँपियर धन टोकात शिरू लागतात. नोडची व्होल्टेज बरोबर आली म्हणजे सोर्सचं कामही कळलं, असं समजू नका.

आता रेझिस्टर परत लावा आणि घ ऐवजी ग ला ग्राउंड म्हणा. ग = ०, म्हणून ख = ३ थेट मिळाला; मघाचा सुपरनोड गायब. पण १२ व्होल्टच्या सोर्सचं एकही टोक आता ग्राउंडवर नाही, म्हणून तुटक रेषा क आणि घ भोवती काढावी लागते:

(क − ३)/२ + (घ − ३)/६ + घ/३ = ०, आणि क − घ = १२

उत्तर: क = ८, घ = −४. प्रत्येक आकडा मघापेक्षा ४ ने खाली, पण कोणत्याही दोन नोडमधला फरक जसाच्या तसा. घ ऋण आला म्हणून दचकायचं कारण नाही.

ब्रेडबोर्डवर करायचं असेल, तर १ किलोओहमचे १२ रेझिस्टर पुरतात. २, ३ आणि ६ एकसरीत जोडून होतात. ३ व्होल्टसाठी दोन पेन्सिल सेल. नवी जोडी ३ च्या थोडी वरच भरते, म्हणून मोजून तोच आकडा समीकरणात घाला. सेल जोडलेले असताना १ किलोओहम मात्र काढू नका, नाहीतर चार्ज न होणारे सेल चार्ज होऊ लागतील.

ग्राउंड हलवून पाहायचं ते बॅटरीवरच्या मल्टिमीटरनेच. ऑसिलोस्कोपची काळी क्लिप सहसा आतून अर्थला जोडलेली असते. १२ व्होल्टच्या सप्लायचं ऋण टोकही अर्थला असेल आणि क्लिप ग वर लावली, तर ३ किलोओहम शॉर्ट होतो. गंमत म्हणजे ख वर ३ व्होल्ट बरोबर दिसतात आणि घोटाळा लपून राहतो. क वर ८ ऐवजी १२ दिसले, की क्लिप काढा.