आठवडे बाजार आणि पथ्यनियोजन : धडगाव परिसराच्या संदर्भात

चिकित्सेतील पथ्याचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगावयास नको. अडचण पथ्य सांगण्याची नाही, ते रुग्णाच्या चुलीवर शिजण्याची आहे. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. सातपुड्यात विखुरलेल्या पाड्यांवरील भिल्ल व पावरा कुटुंबांची किरकोळ खरेदी मुख्यत्वे आठवडे बाजारीच होते. पती-पत्नी दोघेही दिवसभर शेतात वा मजुरीवर असतात. अशा घरी 'रोज ताजा दुधी, मुगाचे कढण, गाईचे तूप' असे पथ्यपत्रक दिले, तर ते भिंतीच्या खुंटीलाच राहते. म्हणून रोजचे पथ्य लिहिण्याऐवजी बाजार ते बाजार असा सात दिवसांचा आहार आखून द्यावा, असे आमचे मत आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहाराची आठ आयतने वर्णिली आहेत. त्यांतील 'राशी'चे सर्वग्रह व परिग्रह हे दोन भेद आपण परीक्षेपुरते पाठ करतो. वस्तुतः बाजाराची पिशवी भरताना नेमका हाच विचार करावा लागतो : एकूण किती व त्यात कोणते द्रव्य किती.

पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी. त्यानंतर वांगी, दुधी, गिलके. लाल भोपळा न चिरता ठेवल्यास कित्येक आठवडे टिकतो, म्हणून तो शेवटच्या दिवसांसाठी राखावा. चिरल्यावर मात्र लगेच वापरावा. अखेरचे दोन-तीन दिवस डाळी व कुळीथ यांचे. शेवग्याचे झाड दारी असेल तर त्याचा पाला बाजारावर अवलंबून नाही, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

धान्याच्या बाबतीत आपले पुस्तकी पथ्य येथे फारच तोकडे पडते. ज्वारी, मका, उडीद, तूर ही येथील शेतातील द्रव्ये. ओकसात्म्याचा विचार करता ज्वारीची भाकरी सोडवून गव्हाची पोळी सुचविणे आम्हांस अनाठायी वाटते. उडीद मात्र गुरू. अग्निमांद्य असता आठवड्यातून एखादाच वार त्यास द्यावा व एरवी मूग किंवा तुरीचे पातळ वरण घ्यावे. दळण आठवड्यापुरतेच आणावे, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी जाते व भाकरी थापता येत नाही. आंबटासाठी येथे आमचूर वापरतात, कोकम नव्हे. अम्लपित्ताच्या रुग्णास 'चिंच वर्ज्य' एवढेच लिहून दिले तर आमचुराचा वापर तसाच सुरू राहतो!

शिळ्या अन्नाचा निषेध शास्त्रसंमत आहे. तथापि पहाटे कामावर निघणाऱ्याने रात्रीची कोरडी भाकरी चटणीसह नेण्यास आम्ही हरकत घेत नाही. ओली भाजी वा वरण मात्र रात्रभर ठेवून नेऊ नये, विशेषतः उन्हाळा-पावसाळ्यात. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. त्यांच्या आखणीत शेतावर न्यावयाच्या पाण्याचाही उल्लेख हवा. पांडुता दिसली म्हणून रक्ततपासणीपूर्वी लोहकल्प सुरू करू नयेत. सिकलसेलमध्ये लोहाची कमतरता सिद्ध झाल्याविना लोह देणे योग्य नव्हे.

स्थलांतरित मजुरीवर जाणाऱ्या कुटुंबांना डाळी, सुंठ, ओवा अशा कोरड्या द्रव्यांचीच यादी द्यावी.

आता एक व्यावहारिक बाब. दूरच्या पाड्यावरील रुग्ण बहुधा बाजार आटोपून, पिशवी भरून दवाखान्यात येतो. त्या वेळी सांगितलेले पथ्य पुढील आठवड्यापर्यंत निरुपयोगी ठरते. म्हणून बाजाराच्या दिवशी दवाखाना सकाळी लवकर उघडावा व आहाराची आखणी खरेदीपूर्वीच सांगावी. वाचता न येणाऱ्यास तोंडी, दोन-तीन वेळा. औषधविक्रेत्यांनीही सुंठ, हिंग, सैंधव यांच्या सात दिवसांच्या लहान पुड्या बांधून ठेवाव्यात व औषधाची मात्राही पुढील बाजारापर्यंतचीच द्यावी. त्या दिवशी रुग्ण पुन्हा आला की नाडीपरीक्षणाबरोबरच घरात काय उरले, काय आधीच संपले, हेही विचारावे आणि त्यानुसार पुढील आठवड्याची राशी बदलावी.